कॅनवरचा ४२० आणि वर्कशॉपमधून हवेत जाणारं सॉल्व्हंट

तुमचा प्रश्न आधी मला समजला तसा मांडतो. युरोपीय संघातल्या एका देशात तुम्ही भावाबरोबर डेंटिंग-पेंटिंगचं छोटं वर्कशॉप चालवायला घेतलं आहे. पेंट मारायचा बूथ जुना पण चालता, फिल्टर नवे. सप्लायर म्हणतो, सगळा माल नियमात बसणारा आहे, कॅनवर ४२० छापलंय, तुम्हाला वेगळं काही करायला नको. पण उन्हाळ्यात पेंटर लॅकरमध्ये (रंगावरच्या पारदर्शक थरात) जादा थिनर घालतात. पाण्याच्या बेसकोटवरही (लॅकरखालच्या रंगाच्या थरावरही) तोच ४२० का, हे कुणाला सांगता येत नाही. शिवाय एका गिऱ्हाइकाला आपली जुनी गाडी मूळच्या सेल्युलोज पेंटमध्येच (जुन्या पद्धतीच्या, भरपूर सॉल्व्हंटच्या) हवी आहे. यात आपण नियमाच्या आत आहोत का, हे तुम्हाला कळत नाहीये.

सप्लायर खोटं बोलत नाही. तो त्याच्यावर असलेला नियम सांगतोय. तुमच्यावरचे नियम त्याहून वेगळे आहेत आणि त्यातले काही देशागणिक बदलतात. जे सगळीकडे सारखं आहे ते आधी घेऊ.

मूळ नियम म्हणजे युरोपीय संघाचा २००४/४२ हा निर्देश. त्याआधी १९९९ च्या १३ क्रमांकाच्या सॉल्व्हंट निर्देशात गाडी दुरुस्तीचं पेंटिंग कारखान्यांच्या रांगेत बसवलेलं होतं: धुराड्यातून किती बाहेर पडतं ते मोजा आणि मर्यादेत ठेवा. २००४ च्या निर्देशानं दुरुस्तीचं काम तिथून काढलं आणि मर्यादा थेट मालावर घातली. १ जानेवारी २००७ पासून ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त व्हीओसी असलेला रिफिनिश माल, म्हणजे दुरुस्तीच्या पेंटिंगचा माल, बाजारात आणता येत नाही. व्हीओसी म्हणजे इथं सामान्य दाबाला २५० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली उकळणारं कुठलंही सेंद्रिय संयुग. अॅसिटोन, टोल्युइन, झायलीन, ब्युटाइल अॅसिटेट, पेंट पातळ ठेवणारी ही सगळी सॉल्व्हंट त्यात आली.

असं का केलं, ते बूथचं गणित मांडलं की कळतं. धरा, बूथ तासाला २०,००० घनमीटर हवा ओढतो. अर्ध्या तासात तुम्ही एक लिटर लॅकर मारलं आणि त्यातून ४०० ग्रॅम सॉल्व्हंट उडालं. म्हणजे १०,००० घनमीटर हवेत ४०० ग्रॅम, घनमीटरला ४० मिलिग्रॅम. इतक्या पातळ हवेतून सॉल्व्हंट पकडायचं तर कार्बनचे मोठे बेड लागतात, नाहीतर ती सगळी हवा तापवून जाळावी लागते. मोठ्या कारखान्याला ते झेपतं, चार माणसांच्या वर्कशॉपला झेपत नाही. म्हणून कॅनमध्येच कमी भरायला लावलं. मला ही दिशा पटते. तिचा एक दुष्परिणाम मात्र आहे. सगळ्यांचं लक्ष कॅनवरच्या आकड्याकडे लागलं आणि वर्कशॉपमध्ये काय होतं ते बघणं मागे पडलं.

याच बूथच्या गणितातून एक गैरसमजही निघतो, तो इथेच निपटतो. फिल्टर नवे टाकले म्हणून तुमचं सॉल्व्हंट कमी झालं नाही. छताचे आणि जमिनीचे फिल्टर धूळ आणि ओव्हरस्प्रेचे (पॅनलवर न बसलेल्या पेंटचे) कण धरतात. सॉल्व्हंट वायुरूपात असतं, ते फिल्टरमधून सरळ जातं. गनमधून निघालेल्या पेंटमधलं जवळपास सगळं सॉल्व्हंट हवेतच जातं, मग पेंट पॅनलवर बसो की फिल्टरवर. फिल्टर लागतातच, पण ते कणांसाठी आणि कामाच्या दर्जासाठी.

आता ४२०. हा आकडा ग्रॅम प्रति लिटर आहे आणि तो ‘वापरायला तयार’ मालाचा आहे. म्हणजे हार्डनर (पेंट कडक करणारा घटक), थिनर, कंपनीच्या टेक्निकल शीटप्रमाणे जे काही घालायचं ते घालून गनच्या कपमध्ये जे असतं, त्याचा. नुसत्या कॅनमधल्या लॅकरचा नाही. कॅनवर ‘२००४/४२/आयआयबी(डी)(४२०)४१५’ अशा धाटणीची एक ओळ सापडेल. ‘आयआयबी’ म्हणजे निर्देशाच्या दुसऱ्या परिशिष्टातला ‘बी’ भाग, गाडी रिफिनिशचा. ‘डी’ म्हणजे टॉपकोट, त्यात बेसकोट आणि लॅकर दोन्ही आले. कंसातला ४२० ही कायद्याची मर्यादा. शेवटचा आकडा हा त्या मालात तयार अवस्थेत जास्तीत जास्त किती व्हीओसी आहे तो. तुमचे लोक कंसातला आकडा वाचतात. शेवटचा वाचायची सवय लावा, दोन कंपन्यांच्या मालातला फरक तिथं दिसतो.

म्हणून जादा थिनरचं उत्तर हिशेबानंच देतो. एक लिटर तयार लॅकर, त्यात ४२० ग्रॅम व्हीओसी. पेंटरनं वरून १०० मिलिलिटर थिनर ओतलं. थिनरचं वजन लिटरला ८७० ग्रॅमच्या आसपास धरलं तर ८७ ग्रॅम वाढले. आता १.१ लिटरमध्ये ५०७ ग्रॅम, म्हणजे लिटरला ४६१. कपमधला माल मर्यादेबाहेर गेला.

हे बेकायदा आहे का? इथं देशावर अवलंबून आहे. निर्देश ‘बाजारात आणण्यावर’ आहे आणि तुमच्या पेंटरनं काही बाजारात आणलेलं नाही. वापरणाऱ्यावर थेट बंधन आहे की नाही, हे तुमच्या देशाचा कायदा आणि वर्कशॉपला परवाना लागत असेल तर त्यातल्या अटी ठरवतात. परवान्यात ‘उत्पादकाच्या शीटप्रमाणे मिसळणे’ अशी ओळ असेल तर विषय संपला. ती नसली तरी मी जादा थिनर बंद करा असंच सांगेन, कारण त्यानं कामही बिघडतं. हाय-सॉलिड लॅकर (कमी सॉल्व्हंटचं, जास्त घन ऐवजाचं) पातळ केलं की एका कोटात बसणारी जाडी कमी होते, उभ्या पॅनलवर ओघळ येतो, म्हणून पेंटर आणखी एक कोट चढवतो. थिनरही वाढलं आणि मालही.

पेंटर थिनर ओततो त्याला बहुधा खरं कारण असतं. ते कारण काढा. गरमीत लॅकर पसरायच्या आधीच सुकायला लागतं आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो. त्यावर तोड म्हणजे हळू सुकणारा हार्डनर आणि हळू सुकणारं थिनर, तेही शीटमधल्याच प्रमाणात. थंडीत उलटं होतं: लॅकर रात्रभर गार खोलीत राहिलं की घट्ट होतं आणि पेंटरला ते ‘जाड’ वाटतं. कॅन वीस अंशांच्या आसपास आणून मग मिसळलं की तेच लॅकर शीटमध्ये लिहिल्यासारखं वाहतं. मी कुठल्याही वर्कशॉपमध्ये गेलो की मिक्सिंग रूममध्ये थर्मामीटर आणि घट्टपणा मोजायचा व्हिस्कॉसिटी कप आहे का ते बघतो. बहुतेक ठिकाणी दोन्ही नसतात आणि थिनरचा मोठा डबा मात्र हाताशी असतो.

पाण्याच्या बेसकोटचं कोडं वेगळं आहे. निर्देशात साफसफाई आणि तयारीचा माल सोडून बाकी सगळ्यांसाठी आकडा काढताना पाणी वजा करतात. समजा एक लिटर तयार बेसकोटमध्ये ७०० मिलिलिटर पाणी आहे आणि ११० ग्रॅम व्हीओसी. पाणी काढल्यावर उरले ३०० मिलिलिटर. ११० ला ०.३ नं भागा, ३६७ येतात. लेबलवर ३६७ दिसेल, पण त्या लिटरमधून हवेत जातील फक्त ११० ग्रॅम. असं का मोजतात? पाणी धरलं असतं तर कुणीही पाणी वाढवून आकडा खाली आणला असता आणि पॅनल झाकायला दुप्पट माल लागला असता. सॉल्व्हंटची तुलना पेंटच्या ऐवजाशी व्हावी, म्हणून पाणी बाहेर.

यातून तुमच्या कामाचं एवढंच: लेबलवर ४१० असलेला पाण्याचा बेस आणि ४१० असलेलं सॉल्व्हंटचं लॅकर सारखं प्रदूषण करत नाहीत. लॅकरमध्ये वजा करायला पाणी नसतं, तिथं ४१० म्हणजे खरोखर ४१०. तुमच्या टॉपकोटमधलं बहुतेक सॉल्व्हंट लॅकरमधून येतं आणि बचत करायची तर तिथंच करायची. जुन्या सॉल्व्हंट मेटॅलिक बेसमध्ये तयार अवस्थेत ७५० च्या आसपास व्हीओसी असायचं, ते ४२० मध्ये आणणं अवघड होतं, म्हणून बेसकोट पाण्यावर गेला. लॅकर हाय-सॉलिड करून जमलं, ते सॉल्व्हंटमध्येच राहिलं.

बाकीचे आकडे भराभर सांगतो. पुट्टीला २५०, सरफेसर आणि साध्या मेटल प्रायमरला ५४०, वॉश प्रायमरला ७८०. पॅनल पुसायच्या प्री-क्लीनरला २००, आणि हा २०० पाणी न वजा करता, म्हणजे तो खराखुरा २०० आहे.

‘ई’ वर्गाकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघा. ते स्पेशल फिनिश, त्याला ८४०. बंपरखालचं स्टोन-चिप कोटिंग, अंडरबॉडी सीलर, टेक्स्चर, एका थरात बसणारा मेटॅलिक, एरोसोल कॅन, असला माल त्यात येतो. लहान कामापुरता तो रास्त आहे. पण ‘हे जरा लवकर सुकतं, पेंटर खूश होतात’ म्हणत कुणी रोजचं लॅकर ८४० च्या लेबलखाली देऊ केलं, तर मालाचा वर्ग कामाला जुळत नाही हे तपासणीसाला एका नजरेत दिसतं. तसंच ‘फक्त औद्योगिक वापरासाठी’ लिहिलेले कॅन. सॉल्व्हंट निर्देशाखाली नोंदलेल्या कारखान्यांना २००४ च्या मर्यादेतून सूट आहे, त्यांच्यासाठीचा माल वेगळा विकला जातो. तुमचं वर्कशॉप त्या नोंदणीत नसेल तर तो माल तुमच्यासाठी नाही, कितीही स्वस्त मिळाला तरी.

स्वस्तावरून आणखी एक. संघाबाहेरून ऑनलाइन लॅकर मागवायचा मोह होतो, विशेषतः अमेरिकन. निर्देशात आयात म्हणजेच बाजारात आणणं धरलं आहे, त्यामुळं मागवणारे तुम्ही एकदम ‘बाजारात आणणारे’ होता आणि सप्लायरवरची जबाबदारी तुमच्या डोक्यावर येते. शिवाय तिथला आकडा इथल्या आकड्याशी जुळत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय नियमात, जो ११ जानेवारी १९९९ पासून बनलेल्या मालाला लागू आहे, टॉपकोटला ६०० आणि तीन किंवा जास्त थरांच्या टॉपकोटला ६३० पर्यंत मुभा आहे. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनारी हवा जिल्ह्याच्या (तिथल्या हवेवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या) ११५१ क्रमांकाच्या नियमात २०२४ च्या बदलाआधी लॅकरला २५० इतकी कडक मर्यादा होती, पण ती गाठताना काही सॉल्व्हंट मोजणीतूनच वगळलेली असत. अॅसिटोनला अमेरिकेनं १९९५ मध्ये व्हीओसीच्या यादीतून काढलं, कारण ते जमिनीलगतचा ओझोन फारसा बनवत नाही. युरोपात अॅसिटोन ५६ अंशांना उकळतं म्हणून पूर्ण मोजलं जातं. तिथला २५० वाला कॅन इथं किती भरेल हे लेबल बघून सांगता येणार नाही. त्या वगळलेल्यांपैकी दोन, टर्शरी ब्युटाइल अॅसिटेट आणि पॅराक्लोरोबेन्झोट्रायफ्लुओराइड, कर्करोगाच्या धोक्यामुळं तोच जिल्हा आता टप्प्याटप्प्यानं बंद करतोय. त्यासाठी त्यानं २०२४ मध्ये नियम बदलला.

आता वर्कशॉपमध्ये येऊ. तुमच्या हातात सगळ्यात जास्त काय असेल तर गन धुणं. गनवॉश ‘तयारीच्या माला’त मोडतं आणि त्याला मर्यादा आहे ८५०. शुद्ध अॅसिटोनचं वजनच लिटरला ७९० ग्रॅम असतं, टोल्युइनचं ८६७. म्हणजे जवळपास निव्वळ सॉल्व्हंटसुद्धा या मर्यादेत बसतं. इथं नियमानं तुम्हाला काहीच वाचवलेलं नाही, जे करायचं ते तुम्हीच. धरा, पेंटर दर कामानंतर अर्धा लिटर थिनर उघड्यावर ओतून गन धुतो. ते ४०० ग्रॅम झाले, एका लिटर लॅकरमधल्या सॉल्व्हंटइतके. ते सगळं हवेत जातंच असं नाही, बरंचसं वेस्टच्या ड्रममध्ये जाईल, पण ड्रमला झाकण असेल तर. बंद गनवॉशर, कपच्या आत बसणारी पातळ प्लॅस्टिकची लायनर आणि झाकण लावलेला ड्रम, एवढ्यानं जो फरक पडतो तो महागडं लॅकर घेऊन पडत नाही. पाण्याच्या बेसची गन वेगळी ठेवा, ती पाण्याच्या क्लीनरनं धुवा आणि ते धुवण ड्रेनमध्ये सोडू नका. त्यात रंगद्रव्य आणि थोडं सॉल्व्हंट दोन्ही असतं. पावडर टाकून गाळ खाली बसवायचा आणि गाळ वेस्टमध्ये द्यायचा.

दुसरं, गन. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनमध्ये एअर कॅपला दाब ०.७ बारच्या वर जात नाही आणि पेंटचा जास्त भाग पॅनलवर बसतो. सॉल्व्हंट तर उडणारच, पण तेच पॅनल कमी मालात झाकलं गेलं तर उडायला सॉल्व्हंटच कमी. गन नियमात बसणारी घेऊन इनलेटला दाब मनाला येईल तसा चढवला तर ती नावालाच एचव्हीएलपी उरते. दाब गनपाशी मोजा, भिंतीवरच्या रेग्युलेटरवर नाही.

तिसरं, मिसळायचं प्रमाण. टू-के माल, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा दोन घटकांचा माल, हार्डनर घातल्यावर परत कॅनमध्ये जात नाही. एका दरवाज्याला लागतं त्याच्या दुप्पट मिसळलं तर उरलेलं कपमध्ये वाळतं आणि त्याचं सॉल्व्हंट कुणाच्याच कामी न येता उडतं. काट्यावर ग्रॅममध्ये मिसळा, कमी पडलं तर पुन्हा मिसळा.

हे सगळं आकड्यात दिसावं म्हणून महिन्याला एक हिशेब ठेवा. महिन्याच्या सुरुवातीला शिल्लक मालात किती किलो सॉल्व्हंट, महिन्यात किती आणलं, शेवटी किती उरलं, वेस्टमध्ये किती गेलं. उदाहरणार्थ ३० अधिक ९०, वजा ३५, वजा २५. उरले ६० किलो, ते हवेत गेले. वर्षाचे ७२० किलो. प्रत्येक मालातलं सॉल्व्हंट सेफ्टी डेटा शीट आणि टेक्निकल शीटवरून मिळतं, एकदा तक्ता केला की महिन्याला अर्ध्या तासाचं काम. हा तक्ता असला की तपासणीसाशी बोलणं सोपं जातं, कारण परवान्याची गरज बऱ्याचदा वर्षाच्या किलोंवर ठरते. इंग्लंडमध्ये, संघाबाहेर असला तरी नमुना म्हणून, गाड्यांच्या रीस्प्रेला बारा महिन्यांत एक टन सॉल्व्हंटचा उंबरठा आहे. तुमच्या देशात काय आहे ते स्थानिक पर्यावरण कार्यालयाला लेखी विचारा. आणि ट्रेलरचं पेंटिंग किंवा नव्या गाड्यांचं कारखान्याबाहेरचं पहिलं पेंटिंग घेणार असाल तर आधी थांबा: ते काम २०१०/७५ या औद्योगिक उत्सर्जन निर्देशात येतं आणि तिथं उंबरठा वर्षाला अर्धा टन आहे. फक्त दुरुस्ती करणारं वर्कशॉप त्यात येत नाही, दुरुस्तीबरोबर ट्रेलर रंगवणारं येऊ शकतं.

तुम्ही विचारलं नाही तरी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. व्हीओसीचे नियम बाहेरच्या हवेसाठी आहेत, पेंटरच्या फुप्फुसांसाठी नाहीत. पाण्याचा बेस आला म्हणून साधा मास्क चालेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. वरचं लॅकर टू-के आहे, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं घातक रसायन आहे, आणि ते धोक्याच्या प्रमाणात असलं तरी वास येत नाही. त्यासाठी बाहेरून हवा देणारा मास्क लागतो आणि मारून झाल्यावर बूथ स्वच्छ होईपर्यंत तो काढायचा नाही. किती मिनिटं लागतात ते बूथमध्ये धूर सोडून मोजून घ्या. २४ ऑगस्ट २०२३ पासून संघात ०.१ टक्क्याहून जास्त मोनोमर डायआयसोसायनेट (त्याच रसायनाचा एक प्रकार) असलेला माल हाताळणाऱ्याला प्रशिक्षण सक्तीचं आहे आणि ते दर पाच वर्षांनी पुन्हा घ्यावं लागतं. हार्डनरच्या लेबलवर तशी सूचना असते. भावाचं आणि पेंटरांचं सर्टिफिकेट आधी करून घ्या.

राहिली जुनी गाडी. निर्देशात सोय आहे, पण गाडी जुनी आहे एवढ्यानं ती मिळत नाही. ऐतिहासिक आणि सांस्कृतिक महत्त्वाची म्हणून सरकारी यंत्रणेनं ठरवलेल्या गाडीसाठी देश वैयक्तिक परवाना देऊ शकतो, तोही मोजक्या मालाच्या खरेदी-विक्रीपुरता. ‘देऊ शकतो’ हा शब्द महत्त्वाचा, काही देश देतात, काही देत नाहीत. गिऱ्हाइकाकडे तसं कागदपत्र नसेल तर मी त्याला टू-के सॉलिड कलर मारून, घासून पॉलिश करून द्यायचं सुचवेन. नीट केलेलं असं काम सेल्युलोजच्या झळाळीच्या बरंच जवळ जातं. जुन्या सेल्युलोजवर टू-के थेट चढवू नका, खालचा थर उचलून सुरकुत्या येतात. आधी एका कोपऱ्यात थिनरची चिंधी ठेवून बघा. रंग विरघळला तर खरवडून धातूपर्यंत जा, किंवा मालाची शीट परवानगी देत असेल तर आयसोलेटर (जुना आणि नवा थर वेगळे ठेवणारा कोट) घाला.

परवाना मिळालाच आणि सेल्युलोज मारलंत, तर काम संपल्याबरोबर बूथचे फिल्टर बदला आणि जमिनीवरची सगळी भुकटी ओली करून बाहेर काढा, टू-के मारायच्या आधी. सेल्युलोज पेंटमधल्या नायट्रोसेल्युलोजची भुकटी झटकन पेटते, आणि दुसऱ्या पेंटच्या ओव्हरस्प्रेत मिसळून ढिगात पडून राहिली तर आपोआप तापून पेट घेऊ शकते. काढलेले फिल्टर आणि चिंध्या झाकणाच्या धातूच्या डब्यात, पाण्यात भिजवून, इमारतीबाहेर ठेवा.